सोड म्हटलं तरी सोडू नकोस

सासरेबुवा शनिवारी दुपारी एकच्या बसने धाकट्या मुलीकडे जाणार, ही बातमी बुधवारी सकाळी चहाच्या टेबलावर फुटली. ती ऐकून चेहऱ्यावर दुःख आणण्यासाठी जावयाने जेवढे कष्ट घेतले, तेवढे त्याने नोकरीत कधी घेतले नव्हते. "इतक्यात?" असं तो म्हणालासुद्धा. सासरेबुवा दोन आठवड्यांसाठी आले होते, आणि त्या दोन आठवड्यांना आता पाच महिने झाले होते.

"राहायला काय, राहिलो असतो," सासरेबुवा म्हणाले. "पण धाकटी रुसून बसलीय. शिवाय या बसचं तिकीट मिळालंय. ही चुकली तर पुढची जागा थेट दीड महिन्याने."

"नको नको," जावई घाईघाईने म्हणाला. "म्हणजे, धाकटीला असं रुसवणं बरं नाही."

सासरेबुवा रेल्वेत छत्तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, तपासण्यातून नाही. जावयाने फ्रिज उघडला की मागून "काय हवंय?" असा आवाज येई. रात्री जावयाने लावलेली कडी ते उठून पुन्हा काढत आणि पुन्हा लावत. "एकदा लागलेली कडी खोटीही असू शकते, जावईबापू," असं ते समजावून सांगत. गॅस, नळ, खिडक्या, सगळं दोनदा. घरात सगळ्यांना आपापलं काम एकदाच करावं लागे. दुसऱ्यांदा करायला सासरेबुवा होते.

जावई प्रोग्रामर होता आणि ऑफिसात त्याला सगळे शॉर्टकट म्हणत. हे नाव त्याला कौतुकाने मिळालं आहे, असं त्याला स्वतःला वाटे. त्याची कंपनी शहरातल्या पोहण्याच्या तलावासाठी लॉकरचा प्रोग्राम चालवत होती. सासरेबुवा आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्याने चाचणीसाठी ठेवलेला एक नंबरचा पट्टा त्यांच्या मनगटात घातला आणि सांगितलं, "बाबा, रोज जात जा. कोमट पाणी आहे. गुडघ्यांना फार चांगलं." तेव्हापासून सासरेबुवा सहाच्या ठोक्याला तलावाच्या दारात पहिले उभे असत आणि बाराला घरी येत. सकाळचं न्हाणीघर शॉर्टकटला परत मिळालं. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत हुशारीचा शॉर्टकट, असं तो मनाशी म्हणे.

नेमकं तेव्हापासूनच तलावावर एक भानगड सुरू झाली होती. दिवसातून दोन-तीन लॉकर आपोआप उघडत, आणि तेही मालक पाण्यात असताना. मशीन ते लॉकर मोकळे समजून पुढच्या माणसाला देऊन टाकी. गेल्याच आठवड्यात एका गृहस्थांना दुसऱ्याची पॅंट घालून घरी जावं लागलं, आणि तिच्या खिशात कुणाची तरी लिपस्टिक निघाली. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

बुधवारीच साहेबांनी शॉर्टकटला बोलावलं. "शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा. नाही झालं तर शनिवारी दिवसभर तुम्ही स्वतः तलावावर बसायचं."

शनिवार! शनिवारी त्याला सासरेबुवांना बसमध्ये बसवायचं होतं. नुसतं बसवून चालणार नव्हतं. दार बंद होऊन बस वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायचा होता. पाच महिने ज्या क्षणाची वाट पाहिली, तो काय लॉकरांच्या ओळीत बसून घालवायचा?

प्रोग्रामचं काम तसं साधं होतं. माणूस आला, पट्टा मशीनला लावला, की मशीनच्या मेमरीत त्याच्या नावाचा एक ऑब्जेक्ट जन्माला येई आणि एक लॉकर अडवून बसे. त्या ऑब्जेक्टला दोन हातांनी धरलेलं असे, एक हात मुख्य दाराचा आणि दुसरा तलावाच्या दाराचा. माणूस पोहून बाहेर पडताना तलावाच्या दाराशी पट्टा लावी तेव्हा एक हात सुटे, मुख्य दाराशी लावी तेव्हा दुसरा. दोन्ही हात सुटले की ऑब्जेक्ट पुसला जाई आणि लॉकर मोकळा. हात सोडायच्या या हुकमाचं नाव प्रोग्राममध्ये 'सोड' असं होतं.

"कुणीतरी जास्तीचा 'सोड' पाठवतंय, सर," शेजारच्या टेबलावरची टेस्टर म्हणाली. ही मुलगी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेई आणि दुर्दैवाने तो हलाल करी. "माणूस पाण्यात असतानाच दोन्ही हात सुटतात. कोण पाठवतंय ते शोधायला हवं. नोंदी वाचाव्या लागतील."

"किती नोंदी?"

"साडेचार महिन्यांच्या."

शॉर्टकटने घड्याळाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं आणि 'सोड'ला ओव्हरराइड करून टाकलं. ओव्हरराइड म्हणजे थोरामोठ्यांकडून वारशाने आलेली रीत मुलाने गुंडाळून ठेवायची आणि तिच्याच नावाखाली आपली चालवायची. या ऑब्जेक्टांना 'सोड' म्हटल्यावर सोडायची रीत वारशाने आलेली होती. शॉर्टकटने त्यांना नवी शिकवली: 'सोड' म्हटलं की 'हो' म्हणायचं आणि काहीही करायचं नाही. एका ओळीचं काम. घरोघरी हे असंच चालतं, मग प्रोग्राममध्ये का चालू नये?

"सर, मग कुणीच कधी सुटणार नाही," टेस्टर म्हणाली. "माणूस आपल्या पट्ट्याने लॉकरचं दार उघडून कपडे घेऊन घरी जाईल, पण मेमरीत तो इथेच राहील. लॉकर कायमचा अडलेला."

"रात्री मशीन बंद होतं. सकाळी पाटी कोरी. दिवसाला येतात शंभर माणसं, लॉकर आहेत एकशे वीस. कर हिशेब."

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," टेस्टर पुटपुटली आणि नोंदी वाचायला बसली.

गुरुवारी एकही लॉकर आपोआप उघडला नाही. शुक्रवारीही नाही. तलावाच्या मॅनेजरबाईंनी साहेबांना फोन करून आभार मानले, साहेबांनी सगळ्यांसमोर शॉर्टकटची पाठ थोपटली, आणि शॉर्टकटने "त्यात काय एवढं" असं म्हटलं. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

शनिवार उजाडला. सासरेबुवा शेवटचं पोहून घ्यायला सहाला गेले. बसचं तिकीट त्यांनी पॅंटच्या खिशात घातलं होतं, कारण तिकीट दुसऱ्याच्या घरात ठेवून जाणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शॉर्टकटने त्यांची सुटकेस भरून, पुसून, दाराशी नेऊन ठेवली.

"अरे, बारा वाजता येणार आहेत ते. आत्ता साडेआठच वाजलेत," बायको म्हणाली.

"ऐनवेळी घाई नको."

"माझ्या माहेरच्या माणसाचं काम तू पहिल्यांदाच इतकं वेळेवर केलंस," बायको म्हणाली, आणि तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

साडेदहाला मॅनेजरबाईंचा फोन आला. "अहो सर, बाहेर फाटकापर्यंत रांग लागलीय. मशीन म्हणतंय जागा नाही. आणि आत येऊन बघा, निम्मे लॉकर सताड उघडे आहेत. रिकामे! मी लोकांना सांगू काय?"

सुट्टीचा दिवस होता. शंभराचा हिशेब शंभर माणसांपुरताच खरा होता, आणि साडेदहालाच एकशे विसावा माणूस आत गेला होता.

"दहा मिनिटं द्या," शॉर्टकट म्हणाला आणि लॅपटॉप उघडला. सरळ मार्ग होता: बुधवारची ओळ काढायची. पण ती काढली की लॉकर पुन्हा आपोआप उघडणार, आणि कालच पाठ थोपटलेली. तेव्हा त्याने आणखी एक रीत ओव्हरराइड केली, ऑब्जेक्टच्या जन्माची. नवा माणूस आला आणि जागा नसेल, तर मेमरीतल्या सर्वांत जुन्या माणसाला पुसायचं आणि त्याचा लॉकर नव्याला द्यायचा. जो सकाळी सर्वांत आधी आला तो एव्हाना घरी पोचलाच असणार. चार-साडेचार तास पाण्यात कोण बसतं? शॉर्टकटला असं कुणीही आठवलं नाही.

रांग हलली. मॅनेजरबाईंनी फोन करून पुन्हा आभार मानले. शॉर्टकटने स्वतःसाठी कॉफी केली. ती निम्मी झाली तोच तिसरा फोन आला.

"जावईबापू, मी बोलतोय," सासरेबुवांचा आवाज आला. "टॉवेलवर उभा आहे."

शॉर्टकट तलावावर पोचला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सासरेबुवा मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर कमरेला टॉवेल गुंडाळून, ताठ मानेने उभे होते. झालं होतं ते असं. एक नंबरचा लॉकर उघडून एका नव्या गृहस्थाला मिळाला. त्याला आत एक पॅंट, एक शर्ट, एक चष्मा, एक घड्याळ आणि एक कवळी दिसली. गृहस्थ सभ्य होता. त्याने ते सगळं उचलून 'सापडलेल्या वस्तूं'च्या पेटीत जमा केलं आणि पावती घेतली.

"बाई, ती पॅंट यांची आहे. देऊन टाका, यांना बस गाठायचीय," शॉर्टकट म्हणाला.

"देते की. ओळखपत्र दाखवा."

"ओळखपत्र पॅंटच्या खिशात आहे," सासरेबुवा म्हणाले. कवळीअभावी हे वाक्य बरंच मऊ झालं होतं.

"मग ते आणून दाखवा."

"अहो, पॅंट तुमच्या पेटीत आहे!" शॉर्टकट ओरडला.

"ओळखपत्राशिवाय पेटी उघडता येत नाही, सर. नाहीतर पट्टा लावा. मशीनने ओळखलं तरी चालतं." सासरेबुवांनी पट्टा लावला. मशीनने लाल दिवा दाखवला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मशीनच्या मते हे कधीच गेले."

"गेलो? कुठे गेलो?"

"बाई, मी सांगतो ना, हे माझे सासरे आहेत!"

"तसा काही कागद आहे का?"

शॉर्टकट आता टेबलावर हात आपटणार, इतक्यात सासरेबुवांनी त्याला अडवलं. "जावईबापू, बाई बरोबर बोलतायत. यांच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. उद्या कुणीही उठेल आणि कुणाचाही सासरा होईल."

मॅनेजरबाईंनी सासरेबुवांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या नियमाच्या बाजूने बोलणारा हा पहिलाच माणूस होता.

म्हणजे मशीनलाच पटवायला हवं होतं. त्यासाठी दोन्ही ओव्हरराइड काढून मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. पण आत तेव्हा साठ माणसं पोहत होती. मशीन बंद झालं की त्या साठांचीही नोंद पुसली जाणार, आणि साठ माणसं टॉवेलवर येऊन उभी राहणार. आधी सगळ्यांना बाहेर काढून कपडे घेऊ द्यायचे, मगच मशीनला हात लावायचा. घड्याळात साडेअकरा झाले होते. बसथांबा इथून पंधरा मिनिटांवर.

"सगळ्यांना पाण्याबाहेर बोलवा. लवकर!" शॉर्टकट म्हणाला. बाईंनी शिट्टी वाजवली आणि साठ माणसं एकदम बाहेर आली. हे बोलवण्याआधी कुणीतरी विचार करायला हवा होता. अरुंद दारात साठ ओली माणसं, बाहेरून आत घुसणारी रांग, "माझी पॅंट", "माझा मुलगा", "माझी चप्पल", आणि मधोमध "शांत राहा, तांत्रिक अडचण आहे" असं म्हणत, स्वतःच धक्के खाणारा शॉर्टकट.

तेवढ्यात शिट्टीचा एक कडक आवाज आला. बाईंची शिट्टी सासरेबुवांच्या तोंडात होती. कवळी नसतानाही ती त्यांना कशी वाजवता आली, हे त्यांच्या खात्यालाच ठाऊक.

"एका रांगेत! लहान मुलं पुढे! पट्टा हातात दिसला पाहिजे!"

टॉवेल सावरत त्यांनी बाईंकडून कोरे कागद मागून घेतले, फाडून चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर नंबर दोनदा लिहिला, मधून फाडली, अर्धी माणसाला आणि अर्धी लॉकरच्या दारावर. अर्ध्याला अर्धी जुळली की कपडे घ्या, चिठ्ठी परत द्या, चला. पाच मिनिटांत गोंगाट थांबला. इतकी वर्षं मशीनने जे केलं नव्हतं ते कागदाच्या कपट्यांनी बिनबोभाट केलं. शॉर्टकट हे आशेने बघत होता. या वेगाने बारापर्यंत आवरलं असतं.

आवरलं नाही, कारण सासरेबुवा प्रत्येक चिठ्ठी दोनदा तपासत होते. "एकदा जुळलेली खोटीही असू शकते."

बारा वाजून दहा मिनिटांनी शॉर्टकटचा फोन वाजला. टेस्टर होती.

"सर, सगळ्या नोंदी वाचून झाल्या. जास्तीचा 'सोड' तलावाच्या दारावरच्या मशीनमधून येतो. नेहमी दोनदा, एकापाठोपाठ. आणि प्रत्येक वेळी नोंदीत एक नंबरचा पट्टाही तिथेच दाराशी दिसतो. हा एक नंबर कुणाला दिलाय हो?"

शॉर्टकटने काचेतून पाहिलं. एका काटकुळ्या तरुणाला सासरेबुवांनी तलावाच्या दारात अडवलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर बहुधा विनातिकीट भाव होता. सासरेबुवांनी त्याचं मनगट धरलं, पट्टा मशीनला टेकवला, हिरवा दिवा लागला. त्यांनी मान हलवली आणि खात्रीसाठी पुन्हा टेकवला.

"सर? ऐकताय ना? कोण आहे हा माणूस?"

"चाचणीचा पट्टा आहे," शॉर्टकट म्हणाला. "बघतो मी."

साडेचार महिने रोज सकाळी, ज्याच्या-ज्याच्या तोंडावर संशय आला त्या-त्या माणसाला सासरेबुवांनी दोनदा तपासलं होतं, आणि प्रत्येक वेळी मशीनने, दार कोणतं ते न बघता, एका टेकवण्याला एक याप्रमाणे त्या बिचाऱ्याचे दोन्ही हात सोडले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बुधवारी काहीही केलं नसतं, नुसतं हातावर हात ठेवून बसला असता, तरी आज एकला बस सुटून सोमवारपासून भानगड आपोआप मिटली असती. आणि हे आता सांगायचं तरी कुणाला? साहेबांना सांगावं तर चाचणीचा पट्टा सासऱ्याला फुकट दिल्याचं बाहेर येणार. बायकोला सांगावं तर का दिला ते बाहेर येणार. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यातले दात तर पेटीत.

पावणेएकला शेवटचा माणूस बाहेर पडला. शॉर्टकटने दोन्ही ओळी पुसल्या, मशीन बंद करून चालू केलं, एक नंबर पुन्हा चढवला. हिरवा दिवा लागला. बाईंनी पेटी उघडली.

"चला बाबा, पॅंट रिक्षात घाला!"

"रिक्षात? जावईबापू, माणसात राहतो आपण." सासरेबुवा कपडे बदलायला आत गेले. कवळी बसवली, चष्मा पुसला, शर्टाची बटणं खालून वर लावली, मग वरून खाली तपासली. बाहेर आले तेव्हा एक वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी खिशातून तिकीट काढलं, उजेडात धरून वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"गेली," ते म्हणाले. शॉर्टकट ओल्या बाकावर बसला. आपण ओल्या बाकावर बसलो आहोत हे त्याला बराच वेळ कळलं नाही.

"काका," मॅनेजरबाई पुढे येऊन म्हणाल्या, "तुम्ही इथेच थांबता का? म्हणजे कायमचे. सकाळी सहा ते बारा, तपासनीस म्हणून. मला मशीनवर भरवसा राहिलेला नाही."

सासरेबुवांनी मान खाली घातली. पुन्हा वर केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "निवृत्त होऊन सात वर्षं झाली बाई," ते म्हणाले, "कुणी मला थांबा म्हणालं नव्हतं." त्या एका क्षणी शॉर्टकटसुद्धा त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला उठला. तेवढ्यात सासरेबुवा पुढे म्हणाले, "राहायचीही सोय आहे. जावयाकडे."

सोमवारी शॉर्टकटने खरी दुरुस्ती केली. एकच पट्टा एका मिनिटात दोनदा लागला तर तो एकदाच मोजायचा. कामाला दहा मिनिटं लागली. "एवढंच होतं?" टेस्टरने विचारलं. आता सासरेबुवांनी एकाच माणसाला वीसदा तपासलं तरी लॉकर उघडत नाही. मॅनेजरबाईंचं म्हणणं असं की हा सगळा काकांचा गुण.

त्या संध्याकाळी तो घरी आला तर बायकोने त्याचं कपाट उघडून ठेवलं होतं.

"एवढं मोकळं करून दे. बाबांना आता रोज कामावर जायचंय, युनिफॉर्म मिळालाय, कुठेतरी नीट लावायला नको का?"

"आणि माझे शर्ट?"

"ती रिकामी सुटकेस आहे ना दाराशी. तूच पुसून ठेवलीयेस. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, मग घेऊ नवीन कपाट."

शॉर्टकटने एकेक शर्ट काढून सुटकेसमध्ये ठेवला. सासरेबुवांनी कपाटात युनिफॉर्म टांगला, दार लावलं, आणि जावयाकडे बघून प्रेमाने हसत ते पुन्हा उघडून पुन्हा लावलं.